सांघिक आव्हानांचा दिवस आणि शाळेची टाकी: निधी उभा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

गावातल्या शाळेसाठी निधी उभा करायला आम्ही सांघिक आव्हानांचा, म्हणजे संघांनी मिळून खेळायच्या खेळांचा, एक दिवस भरवतो. पहिल्या वर्षी आम्ही नव्वद जणांकडून प्रत्येकी २०० रुपये घेतले, म्हणजे १८,००० रुपये. बस, टी-शर्ट, जेवण, स्पीकर आणि ट्रॉफ्या यांचे पैसे चुकते केल्यावर हातात उरले २,३५०. ते पाकिटात घालून मुख्याध्यापकांसमोर ठेवताना आमच्यातल्या एकानेही मान वर केली नाही. टी-शर्टचा रंग ठरवायला मात्र आमच्या तीन बैठका झाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी त्याच गावात, त्याच कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी तोच कार्यक्रम केला आणि शाळेला ५,००० लिटरची पाण्याची टाकी बसली. मधल्या काळात काय बदललं ते पुढे लिहिलं आहे. आमचं कॉलेज पुण्यातलं आणि गाव मावळातलं. तुमचं गाव वेगळं असेल, पण ठेचा बहुधा त्याच दगडांना लागतील.

१. आधी गावात जा, पोस्टर नंतर

आमचं ठरलं होतं की वह्या वाटायच्या. गावात गेल्यावर मुख्याध्यापकांनी एक कपाट उघडून दाखवलं. वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेल्या वह्यांनी ते वरपर्यंत भरलं होतं. सर म्हणाले, "वह्या नकोत, पोरांनो. मार्चनंतर मुलं घरून बाटलीतून पाणी आणतात, त्याचं काही बघा." आमचं उद्दिष्ट तिथे ठरलं.

गरज कळली की तिची किंमत काढा. गावातल्याच गवंड्याकडून आणि नळकाम करणाऱ्याकडून लेखी अंदाज घ्या. टाकी, विटांचा चौथरा, पंप, पाइप आणि तोट्या मिळून आमचा आकडा ७८,५०० रुपये आला. "ग्रामीण शिक्षणासाठी मदत करा" म्हटलं की लोक खिशातून वीसची नोट काढतात. "टाकीला ७८,५०० लागतात, त्यातले ५१,००० झालेत" म्हटलं की समोरचा मनातल्या मनात वजाबाकी करायला लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेला काही द्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. त्यात पालक असतात. पुढे टाकी कोण धुणार, पंपाचं वीजबिल कोण भरणार, हे त्याच बैठकीत विचारा. प्रश्न अवघड वाटतो, पण तो टाळला तर दोन वर्षांत टाकीत पालापाचोळा साठलेला दिसेल.

२. पैसे कोणाच्या नावावर घेणार

हा भाग कंटाळवाणा आहे, पण कार्यक्रम सगळ्यात जास्त इथेच फसतात.

महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर त्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. गणेशोत्सवाआधी मंडळं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून '४१ क' ची परवानगी घेतात, ती याच कायद्याखाली. चार मित्रांनी मिळून पावती पुस्तक छापायचं आणि दारोदार फिरायचं, असं चालत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कॉलेज चालवणारी संस्था बहुतेक वेळा नोंदणीकृत न्यास असते. तिच्या खात्यात आणि तिच्या पावतीवर पैसे घेण्याची प्राचार्यांकडून लेखी परवानगी मिळवा. नाहीतर त्या भागात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या. आम्ही पहिली वाट धरली. लेखा विभागातल्या काकांनी आधी नाक मुरडलं, पण महिन्याभराने तेच रोज आकडा विचारायला लागले.

या टप्प्यावरचे सापळे:

- स्वतःचा क्यूआर कोड. पहिल्या वर्षी आमच्या खजिनदाराने आपल्या खात्याचा कोड फिरवला. देणग्या, कँटीनचा चहा, घरून आलेला पॉकेटमनी, सगळं एकाच यादीत आलं. ते निवडायला तीन रात्री गेल्या. तो पोरगा प्रामाणिक होता, तरी चार जणांनी संशय घेतलाच. कोड संस्थेच्या खात्याचाच हवा.
- परदेशातला मामा. नोकरीसाठी बाहेर असलेला, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच मामाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. पासपोर्ट कुठला हे विचारायला लाजू नका.
- ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं संस्थेचं प्रमाणपत्र. "करसवलत मिळेल" हे वाक्य संस्थेकडे ते प्रमाणपत्र असल्याशिवाय तोंडातून काढू नका. प्रमाणपत्र असलं तरी २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही आणि वस्तुरूपात दिलेल्या मदतीवरही नाही.
- लकी ड्रॉ. दहा रुपयांचं कूपन विकायचं आणि शेवटी सोडत काढून सायकल द्यायची, ही कल्पना प्रत्येक बैठकीत कोणीतरी मांडतंच. परवानगीशिवाय पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे लॉटरी, आणि तो गुन्हा आहे. तिथेच थांबवा.

३. खर्चाचा पैसा आणि मदतीचा पैसा वेगळा ठेवा

या लेखातलं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

पहिल्या वर्षी आमच्याकडे एकच डबा होता. सगळे पैसे त्यात टाकायचे, त्यातूनच खर्च करायचा, उरेल ते शाळेला. असं केलं की खर्च फुगतो, कारण ट्रॉफीवाल्याला आणि फ्लेक्सवाल्याला "नाही" म्हणायची वेळच येत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही दोन डबे केले.

पहिला डबा प्रवेश शुल्काचा. सहा जणांचा एक, असे २४ संघ, म्हणजे १४४ जण. प्रत्येकी २५० रुपये धरून ३६,००० झाले. दिवसाचा सगळा खर्च यातूनच भागवायचा. आमचा असा झाला: स्वयंसेवक आणि पाहुणे धरून १८० ताटं, १२० रुपयांप्रमाणे २१,६००, साहित्य आणि टेम्पो ७,०००, विमा, प्रथमोपचार आणि किरकोळ ६,०००. उरले १,४००. टी-शर्ट रद्द केले. त्याऐवजी जुन्या ओढण्या फाडून मनगटाला रंगीत पट्ट्या बांधल्या. बक्षीस म्हणून गावातल्या इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली.

दुसरा डबा देणग्यांचा. प्रत्येक संघाने मैदानावर यायच्या आधी किमान ३,००० रुपये आणायचे. सहा जणांत वाटले तर माणशी ५०० होतात: आत्या, सोसायटीतले आजोबा, शिकवणीच्या मॅडम. या डब्यातला एक रुपयाही चहाला जाणार नाही, असं आम्ही प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. ७२,००० ची अपेक्षा होती, आले ८६,४००.

"प्रत्येक आव्हान पूर्ण केलंत की ५० रुपये देईन" अशी बोली लावून घेण्याची पद्धतही चांगली आहे. लोकांना मजा येते. पण बोललेला पैसा आणि आलेला पैसा यांत फार अंतर असतं. आधी जमा करा. कार्यक्रम उरकल्यावर फोन उचलणारे थोडेच.

४. दिवस आणि जागा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा शेवट. त्याआधी परीक्षा असतात आणि शेतात भात उभा असतो. फेब्रुवारीनंतर ऊन चटका देतं आणि डोंगरावरचं गवत काडीसारखं पेटतं.

गडावर करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आम्हालाही झाला होता. लोहगड डोळ्यांसमोर दिसत होता. तिथे दीडशे पोरं, दोर आणि स्पीकर नेऊ नका. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. टेकडी निवडलीत तर ती वन खात्याची आहे का, ते आधी पाहा. मला विचाराल तर कापणी झालेलं भातखाचर उत्तम: सपाट, मोकळं आणि बांधांनी आपोआप आखलेलं. मालकाकडून साध्या कागदावर लेखी परवानगी घ्या आणि भाडं विचारा. आमच्या शेतमालक काकांनी भाडं घेतलं नाही. "बांध फोडू नका" एवढीच त्यांची अट होती. खाचरात भाताची धसकटं असतात, ती तळव्यात घुसतात. अनवाणी कोणी नको, सँडलही नको.

पाणी हे आव्हानाचं ठिकाण कधीच करू नका. धरण, नदी, ओढा, शेततळं, काहीही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. आमच्या प्राचार्यांनी अर्ज वाचायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

येण्याजाण्यासाठी बस करण्याआधी लोकलचा विचार करा. पुणे–लोणावळा लोकलने कामशेत किंवा मळवलीपर्यंत काही रुपयांत पोचता येतं, आणि आमच्या पहिल्या वर्षीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा बसचाच होता. सामानाला टेम्पो करा. दुपारच्या लोकल विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि कार्यक्रमाची वेळ तिच्यावरून मागे मोजत आणा.

५. कागदपत्रं

एका फाइलमध्ये लावा आणि दोन झेरॉक्स संच ठेवा:

- प्राचार्यांची परवानगी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र
- संस्थेच्या खात्यात देणगी घेण्याची लेखी मान्यता किंवा '४१ क' ची परवानगी. क्रमांक घातलेली पावती पुस्तकं
- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव
- शेतमालकाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र
- पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली पोच. स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी
- प्रत्येक सहभागीचं पालक-संमतिपत्र. त्यावर रक्तगट, दमा, फिट, ॲलर्जी यांची नोंद आणि घरचा फोन
- विम्याचा कागद. कॉलेज फीबरोबर विमा काढत असेल, तर तो कॉलेजबाहेरच्या कार्यक्रमाला लागू होतो का, ते वाचून घ्या
- जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दिलेलं पत्र

पोलीस ठाण्यात घोळक्याने जाऊ नका. दोघं जा, सोबत सर किंवा मॅडम असू द्या. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

६. आव्हानं कशी निवडायची

सहा आव्हानं पुरतात. आमचं गणित असं होतं: प्रत्येक ठिकाणी एका वेळी चार संघ, खेळायला २० मिनिटं, पुढे सरकायला ५. सहा फेऱ्यांना अडीच तास लागतात. सकाळी ८ ला सुरू केलं तर साडेदहाला संपतं. तरी ११ धरा, कारण पहिल्या फेरीत सगळेच चुकीच्या बांधावर जातात.

निवडीची कसोटी एकच ठेवा: संघातला सगळ्यात धडधाकट मुलगा एकट्याच्या जोरावर जिंकून देऊ शकत असेल, तर ते आव्हान बाद. आमच्याकडे टिकलेली ही:

पन्हळ. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करा. प्रत्येकाच्या हातात एक. ते एकाला एक लावत पिंपातलं पाणी वीस पावलांवरच्या बादलीत न्यायचं. १० मिनिटांत कोणाचं पाणी जास्त, ते मापून ठरवायचं. निम्मं पाणी सांडतं. शाळेतल्या मुलांना पाणी किती लांबून आणावं लागतं, हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. कापलेल्या कडा कानसून घ्या, पहिल्यांदा दोघांची बोटं कापली होती. उरलेलं पाणी गुरांच्या हौदात ओता.

किल्ला. माती, दगड, पाण्याची एक बादली. दिवाळीत अंगणात करतो तसाच, पण २० मिनिटांत. परीक्षक शाळेतली पाचवीची मुलं. आम्हाला वाटलं होतं, मुलं सगळ्यांना छान-छान म्हणतील. पण एकेका किल्ल्याभोवती फिरून त्यांनी बुरुज, दरवाजा, माची तपासली आणि बहुतेक संघांचे गुण कापले. का, तर गडावर पाण्याचं टाकं नव्हतं. एक चिमुरडी आमच्या इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मित्राला म्हणाली, "दादा, तुमचं सैन्य पिणार काय?" दुसऱ्या वर्षी याच आव्हानासाठी सगळ्यात जास्त लोक बघायला थांबले.

जोडफळ्या. दोन लांब फळ्यांना दोरीचे सहा-सहा फास बांधायचे. सहाही जण दोन्ही फळ्यांवर उभे राहतात आणि एका तालात पावलं टाकत चालतात. सुताराकडून कडा घासून घ्या. लेझीम खेळलेले संघ इथे सहज पुढे जातात.

उलटी आंधळी कोशिंबीर. पाच जणांचे डोळे बांधलेले, सहावा नुसत्या आवाजाने वाट दाखवतो. अगदी सपाट तुकडा निवडा, बांधाजवळ नको.

मुकी लगोरी. नेहमीचीच लगोरी, पण बोलायचं नाही. आवाज झाला की एक दगड काढून घ्यायचा.

होकायंत्र. खाचरात पाच चिठ्ठ्या लपवायच्या. दिशा आणि पावलं लिहिलेला कागद द्यायचा. होकायंत्र फोनवरचं नाही, खरंखुरं. गिर्यारोहण क्लबकडून उसनं मिळतं.

रस्सीखेच ठेवणार असाल तर जाड सुती दोर घ्या, आणि दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही हे आधी बजावा. मानवी मनोरे नकोत. रॅपलिंग, झिपलाइन, दोरावरून दरी ओलांडणं, असलं काही हवंच असेल तर ते स्वतः करू नका. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र बघा. "माझा मित्र ट्रेकिंग करतो" हे प्रमाणपत्र नाही.

धावता न येणारं, चष्म्याशिवाय न दिसणारं, दम्याचं कोणी संघात असेल तर त्याला वेळ मोजायला बसवू नका. होकायंत्र, पन्हळ, किल्ला यांत त्याचं काम इतरांइतकंच असतं.

७. जीवाला जपा

मोहोळ. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या कोणालातरी बरोबर घेऊन आजूबाजूची झाडं आणि कडे बघून या. आग्या मोहोळ असेल तर जागा बदला. धूर आणि उग्र अत्तर यांनी माश्या उठतात, म्हणून त्या दिवशी अंगावर बॉडी स्प्रे मारून येऊ नका असं निरोपातच लिहा. आमच्याकडे लोकांना वाटलं चेष्टा आहे, मग शेतमालक काकांनी स्वतःच्या बैलाची गोष्ट सांगितली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

विडी-सिगारेट आणि चूल मैदानात नको. कोरड्या गवताला एक ठिणगी पुरते.

मुलींसाठी स्वच्छतागृह. हे पुरुष आयोजकांना शेवटच्या दिवशी आठवतं. शाळेची स्वच्छतागृहं वापरायला मागा, आदल्या दिवशी स्वतः धुऊन घ्या, पाण्याची पिंपं भरून ठेवा आणि सॅनिटरी नॅपकिनची पिशवी आत टांगा. एक मॅडम दिवसभर सोबत हव्यातच.

प्रथमोपचार येणारे दोघं, ओआरएस, पट्ट्या. १०८ ला फोन लावून बघा म्हणजे रेंज कुठे मिळते ते कळेल. आमच्या शेतात ती फक्त आंब्याखाली यायची, म्हणून औषधांची पेटी तिथेच ठेवली. डोकी मोजायची चार वेळा: स्टेशनवर उतरल्यावर, जेवणाआधी, निघताना आणि परतीच्या गाडीत.

८. जेवण आणि आभार

शहरातून केटरर नेऊ नका. गावातल्या बचत गटाला काम द्या. पिठलं, भाकरी, ठेचा, आमटी-भात. आगाऊ निम्मे पैसे द्या, कारण डाळ-पीठ त्यांनाच आणावं लागतं. थाळ्या स्टीलच्या, आपापल्या धुवायच्या. भाषणांना दहा मिनिटं. सरपंचताई बोलतील, प्राचार्य बोलतील, बस्स. आम्ही एका पाहुण्यांना माइक दिला आणि परतीची लोकल चुकली.

९. नंतर

त्याच संध्याकाळी शेत झाडून काढा. पाइपचे तुकडे, चिठ्ठ्या, दोऱ्या, सगळं. बांध जिथे खचला असेल तिथे माती लावून द्या.

पंधरा दिवसांत हिशेब द्या. दोन्ही डब्यांचे दोन तक्ते करा, बिलांचे फोटो जोडा, एका पानात बसवा आणि प्रत्येक देणगीदाराला पाठवा. आमचा असा होता: देणग्या ८६,४००, टाकीचं काम ७८,५००, शिल्लक ७,९००. ही शिल्लक समितीकडे देखभालीसाठी दिली, त्यांच्या पोचीसह. हिशेब मिळाल्यावर तीन देणगीदारांनी आपणहून पुढच्या वर्षाचं विचारलं.

टाकी बसताना गावात दोनदा जाऊन या. चौथरा किमान दोन आठवडे पाणी मारून पक्का होऊ द्या. गवंडी घाई करतो आणि आपणही करतो, कारण आपल्याला फोटो हवा असतो. एप्रिलमध्ये फोटोशिवाय एकदा जा. आम्ही गेलो तेव्हा सहापैकी दोन तोट्या गळत होत्या आणि मुलांनी खाली एक डबा लावून ते पाणी कढीपत्त्याच्या रोपाला वळवलं होतं. जाताना चार-पाच वायसर आणि एक पाना बरोबर न्या.